चार हातांचा गृहपाठ

बाईंचा निरोप साधा होता. गुंडीचा घरी अभ्यास जे कुणी घेतात, त्यांनी सकाळी शाळा भरायच्या आधी भेटून जावं. आता एवढ्या मोठ्या कामाला कुणी एकट्याने जायचं, ही कल्पनाच टेलरांच्या त्या घराला पटणारी नव्हती. दुकानाला कुलूप लागलं, आबांनी, म्हणजे गुंडीच्या आजोबांनी, ठेवणीतला कोट चढवला, आणि आबा, वडील, आई, आत्या असे चौघे गुंडीला मध्ये घालून तिसरीच्या वर्गात हजर झाले.

बाकं तिसरीच्या मापाची होती. आबांचे गुडघे हनुवटीला टेकले. गुंडीचा बाप, म्हणजे आत्याचा दादा, बाकात शिरला खरा, पण बाहेर कसं निघायचं याची काळजी त्याच्या चेहऱ्यावर आत्ताच दिसत होती. वहिनी, म्हणजे गुंडीची आई, रुग्णालयातली रात्रपाळी संपवून परस्पर आली होती. नर्सच्या नोकरीत उभ्या उभ्या डुलकी काढायची कला तिला साधली होती, तेव्हा ती भिंतीलाच टेकली. आत्याने मात्र पहिलाच बाक पकडला. गुंडीच्या शेजारी, फळ्यासमोर, पटावर आपलंही नाव असल्यासारखी.

आत्या चौथीत असताना तिची आई गेली, आईचं पायमशीन रिकामं पडलं, आणि दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. त्यानंतर वर्गात बसत होती ती आज. तिने बाकावरून तळहात फिरवला. कुणीतरी कर्कटकाने त्यावर एक मासा कोरला होता. तिला इतकं बरं वाटलं, की बाई आत येताच ती ताडकन उभी राहिली, आणि तिचं बघून सगळेच उभे राहिले. दादा सोडून. त्याला निघताच येईना.

"बसा, बसा," बाई म्हणाल्या. वय लहान, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "तर गुंडीचा अभ्यास कोण घेतं?"

"मी," आबा, दादा आणि आत्या एका दमात म्हणाले.

"मी सही करते," भिंतीकडून वहिनी म्हणाली.

बाई हसल्या. पोर जन्मली तेव्हा कोटाच्या बटणाएवढी दिसते म्हणून आबांनी तिला गुंडी म्हटलं होतं, आणि आता शाळेतही तिला दुसऱ्या नावाने कुणी ओळखत नव्हतं. "गुंडी, ये बरं पुढे," म्हणत त्यांनी फळ्यावर गणित घातलं. अठ्ठेचाळीस बटणं, सहा मुलं, सारखी वाटणी.

गुंडी उठली. तिने कोपऱ्यात तारीख लिहिली. पट्टी न घेता सरळ समास आखला. मधोमध 'गणित' लिहून त्याखाली दुहेरी रेघ मारली. अक्षर असं काही सुरेख, की आबांनी दादाला कोपराने ढोसलं. मग गुंडी एक पाऊल मागे सरली, हात झटकले, आणि खडू आत्यापुढे धरला.

आणि आत्याने तो घेतला.

घेतला, उठली, फळ्यापाशी जाऊन भागाकार मांडायला हात वर केला, तेव्हा कुठे वर्गात पसरलेली शांतता तिला ऐकू आली. मागे दादा बाकातून सुटायची धडपड करत होता, कारण बटणांची चित्रं काढायची पाळी त्याची होती.

"अच्छा," बाई म्हणाल्या. "असं आहे होय."

त्या घरात ते तसंच होतं, आणि त्यात काही चुकीचं आहे असं आजवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं. त्यांच्या दुकानात एका माणसाने अख्खा कपडा कधी शिवला नाही. आबा बेतायचे आणि कापायचे, आत्या शिवायची, दादा काजं-बटणं करून इस्त्री मारायचा, शेवटी गुंडी घडी घालून पिशवीत भरायची. गृहपाठही त्याच मेजावर, त्याच रांगेने चालायचा. गुंडी तारीख आणि शीर्षक घालून वही पुढे सरकवायची. आत्या पेन्सिलीने हलक्या हाताने गणितं सोडवायची, दादा चित्रं काढायचा, आबा खाडाखोड पुसून घ्यायचे, आणि वही फिरून गुंडीकडे आली की ती सगळं नीट गिरवायची. कपड्यासारखाच गृहपाठ. त्यात दोरा लोंबताना कधी दिसायचा नाही.

"घरचा गृहपाठ असा की दुसऱ्या मुलांना दाखवावा," बाई म्हणाल्या. "आणि वर्गातला पेपर? तारीख, समास, शीर्षक. खाली कोरं. विचारलं की म्हणते, माझं झालं."

"झालंच होतं माझं," गुंडी म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं की मोठी माणसं एवढी गंभीर का झाली आहेत.

"महिनाअखेरीला परीक्षा आहे. तोही पेपर असाच आला तर मला तिला पुन्हा तिसरीत बसवावं लागेल. मैत्रिणी पुढे जातील आणि ही इथेच राहील." बाईंचा आवाज उतरला. "ती ढ नाही, एवढं मला दिसतं. पण तिला काय येतं ते मला बघायलाच मिळत नाही हो. दर वेळी मध्ये तुम्ही कुणीतरी असता."

आबांच्या कपाळाची शीर ताठली. "म्हणजे आम्ही लक्षच द्यायचं नाही?"

"द्या ना! भरपूर द्या. तिच्याजवळ बसा, आज वर्गात काय झालं ते विचारा, तिचं ऐका. एवढ्या हौसेनं येणारं घर मला दुसरं सापडणार नाही. फक्त पेन्सिल तिच्या हातातून घेऊ नका. परीक्षेपर्यंत कुणीही नाही."

आत्याच्या हातात अजून खडू होता. तिने तो फळ्याच्या कडेला ठेवला. बोटांना लागलेली पांढरी भुकटी मात्र तिने घरी पोचेपर्यंत पुसली नाही.

*

संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून बेतायच्या मेजाभोवती सभा भरली. सभा कसली, आबा बोलत होते आणि बाकीचे ऐकत होते.

"मदत केली हा गुन्हा झाला! लोकांच्या घरी पोरं काय करतात बघायला वेळ नसतो, आणि आपल्याकडे चार चार माणसं कामं टाकून बसतात. त्याचं हे बक्षीस?"

"बरोबर आहे आबांचं," दादा म्हणाला. "माझी चित्रं बघितली का त्यांनी? हृदयाची आकृती अशी काढली होती की ही म्हणाली, रुग्णालयात लावते."

"तुम्ही काढली होती," वहिनी म्हणाली. सुट्टीची संध्याकाळ, डोक्याला तेल, आणि आवाजात झोप पूर्ण झाल्याची धार. "हृदय गुंडीला शिकायचं होतं. आता ते तुम्हाला येतं."

दादाने स्टूल जरासं वहिनीच्या बाजूला सरकवलं. आबांनी ते बरोबर टिपलं.

"पळाला! इस्त्रीवाल्याचं हे असंच, जिकडे गरम तिकडे. बाळ, तू बोल," ते आत्याकडे वळले. चाळिशी आली तरी आबांसाठी ती बाळच होती. "तू तरी माझ्याकडून आहेस ना?"

आत्या त्यांच्याकडूनच होती, पण तिचं कारण वेगळं होतं आणि ते सांगायची तिला लाज वाटत होती. दिवसभर मशीन हाणून झालं, की संध्याकाळी ही वही तिच्यापुढे यायची. बेरजा, भागाकार, वाचनाचे धडे. गुंडी बालवाडीत गेली तेव्हापासून आत्या पुन्हा शाळेत जात होती. पहिली झाली, दुसरी झाली, तिसरी चालू होती. चौथी तर तिला अर्धीच मिळाली होती, आणि पुढच्या वर्षी ती पुरी होणार म्हणून ती आतापासून दिवस मोजत होती. आता ही बाई म्हणते, पेन्सिल खाली ठेवा.

"पोर अडली तर?" एवढंच ती म्हणाली. "अडून रडायला लागली तर बघत बसायचं?"

"वन्सं," वहिनीने हळूच विचारलं, "तुम्हाला बाही लावायला कुणी शिकवलं?"

"आबांनी."

"कसं शिकवलंत हो आबा?"

हा प्रश्न आबांच्या आवडीचा होता. राग ठेवावा की गोष्ट सांगावी, अशी क्षणभर ओढाताण झाली आणि गोष्ट जिंकली. "कसं म्हणजे? कापड दिलं हातात, आणि चहाला निघून गेलो. परत येतो तर हिने बाही उलटी लावलेली! कोपर मागे न जाता पुढे जायचं. त्या सदऱ्यात माणसाला नमस्कारही करता आला नसता!" आबा मेजावर थाप मारून हसायला लागले. "म्हटलं, उसव. उसवून पुन्हा लावली, तर दुसरी बाही आखूड. रडली, माझ्यावर चिडली, जेवली नाही. पण तो सदरा तिने एकटीने पुरा केला. दाराजवळच्या खुंटीवर वर्षभर टांगला होता मी. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय? मी सांगायचो, माझ्या लेकीने शिवलंय."

"मग तुम्ही जवळ बसून लावून का नाही दिलीत?"

"मी लावून दिली असती तर ही शिकली कशी अस..."

आबा थांबले. दादाने आढ्याकडे बघितलं. वहिनीने काही म्हणजे काही बोलायचं नाही असं ठरवून ओठ घट्ट मिटले, आणि ती त्या क्षणी जितकी खूश होती तितकी पगाराच्या दिवशीही नसायची.

"चहाला जायचं म्हणजे," आबा शेवटी पुटपुटले.

"चहा मी इथेच करते," वहिनी म्हणाली. "गुंडे, काढ वही."

गुंडीने वही काढली. तारीख घातली, समास आखला, शीर्षक दिलं आणि सवयीने वही पुढे सरकवली. मेजाच्या पलीकडे आत्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. वही मधोमध तशीच राहिली. गुंडीने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं.

"कुणीच नाही?"

"आम्ही आहोत की," वहिनी म्हणाली. "सगळे इथेच आहोत. तू वाच मोठ्याने."

गणित असं होतं: वाचनालयात पाचशे तीन पुस्तकं, त्यातली दोनशे सदुसष्ट लोकांनी नेली, तर राहिली किती? गुंडीने आकडे एकाखाली एक मांडले. "तीनातून सात जात नाहीत," ती म्हणाली. "मग शेजारच्याकडून उसने घ्यायचे." पेन्सिल डावीकडे सरकली आणि थबकली. "शेजारी शून्य आहे. त्याच्याकडेच नाहीत!"

आत्याचे हात शिवशिवायला लागले. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. अर्धंसुद्धा. तिने दोऱ्याचं टोक दातात धरलं आणि चावायला लागली.

"आत्या, सांग ना."

आत्याने मान हलवली. गुंडीचे डोळे भरले. "मला येत नाही! मी बंद पडलेय!" तिने पेन्सिल फेकली. ती इस्त्रीच्या मेजाखाली गेली. दादा उचलायला वाकला, पण वहिनीने नुसतं बघितल्यावर पुन्हा सरळ झाला. गुंडीलाच मेजाखाली रांगत जाऊन ती आणावी लागली. त्या प्रवासात रडणं कुठेतरी मागे पडलं असावं, कारण वर आली तेव्हा तिची नजर भिंतीवरच्या फळीवर होती.

फळीवर कोटाची बटणं होती. शंभर शंभरची बंद पाकिटं, प्रत्येकात दहा पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर दहा बटणं टाचलेली. मोठी मागणी आल्याखेरीज पाकीट फोडायचं नाही, हा आबांचा कायदा. दादाला तो लग्नाच्या आदल्या दिवशीही मोडता आला नव्हता.

गुंडीने पाच पाकिटं मेजावर आणली. डब्यातली सुटी तीन बटणं बाजूला ठेवली. मग विचार करून एक पाकीट उचललं आणि टरकन फाडलं.

आबांच्या घशातून एक आवाज निघाला. वहिनीने त्यांच्या हातात चहाचा पेला दिला. त्यांनी तो उकळता चहा एका घोटात घेतला, पण तोंडातून शब्द काढला नाही. त्या संध्याकाळी घरात सर्वांत मोठा त्याग कुणी केला असेल तर तो आबांनी.

"शेजारच्याकडे नाहीत," गुंडी स्वतःशीच बोलत होती, "तर त्याच्या शेजारच्याकडे जायचं. त्याच्याकडे पाकिटं आहेत. आता इकडे दहा पट्ट्या झाल्या." तिने एक पट्टी सोलली, बटणं सुट्यांत मिसळली. "आणि इकडे तेरा बटणं. तेरातून सात गेली, सहा. पट्ट्या राहिल्या नऊ. नवातून सहा गेल्या, तीन. पाकिटं चार. दोन गेली, दोन." ती वहीवर वाकली. "दोनशे छत्तीस. दोनशे छत्तीस! शून्याकडे पण मिळतं, फक्त पलीकडून आणावं लागतं!"

दुकानात जो गलका झाला त्याने शटरखालून शेजारचा चप्पलवाला डोकावला. दादाने गुंडीला उचलून मेजावर उभं केलं. आबा हसत होते आणि एका हाताने विखुरलेली बटणंही गोळा करत होते. आत्या रडत होती. हे बरं, की आनंदाच्या रडण्याला कुणी कारण विचारत नाही. अर्ध्या रडण्याचं कारण निराळं होतं, आणि ते वहिनीला कळलं.

*

महिन्याचे उरलेले दिवस घराने कसे काढले ते घरालाच ठाऊक. गुंडी अभ्यासाला बसली की दादा चित्रांच्या आठवणीने व्याकूळ होऊन बाहेरच्या पायरीवर जाऊन बसायचा. आबांनी काही पाकिटं एका डब्यात काढून त्यावर 'फोडायला' अशी चिठ्ठी डकवली. आत्या जवळ बसून विचारायची, आज बाई काय म्हणाल्या, आणि गुंडी सांगायची, रंगवून, हातवारे करून, कधी चुकीचं. चुकीचं असलं तरी आत्या ऐकून घ्यायची. दातांनी चावलेल्या दोऱ्यांचा तिच्या मशीनखाली ढीग पडत होता.

परीक्षा झाली, आणि एके दुपारी गुंडी शाळेतून धावत आली ती दारातूनच ओरडत. "चौथीत! मी चौथीत!"

पेपर हातोहात फिरला. दोन गणितं चुकली होती, एक अर्धंच सुटलं होतं, आणि एका ठिकाणी खोडून खोडून कागदाला भोक पडलं होतं. त्या घरातून इतकं अस्वच्छ काम आजवर बाहेर गेलं नव्हतं. आबांनी तो पेपर उजेडात धरून भोकातून आरपार बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग उठले आणि दाराजवळच्या खुंटीला त्यांनी तो टाचणीने लावला.

"गिऱ्हाईक विचारेल, हे काय?" दादा म्हणाला.

"विचारू दे," आबा म्हणाले. "त्यासाठीच लावलाय."

त्या संध्याकाळी मेज आवरल्यावर आत्या मशीनवर कापड टाकायला गेली, तर मशीनवर एक जुनं पुस्तक ठेवलेलं. कोपरे दुमडलेले, पाठीला चिकटपट्टी. पाचवीचं गणित.

"माझ्या वॉर्डातल्या आयाबाईच्या मुलाचं आहे," वहिनी म्हणाली. "त्याचं झालं वापरून. चौथीचं तर गुंडी पुढच्या वर्षी आणेलच. पण म्हटलं, तुम्ही एक वर्ष पुढे असलेल्या बऱ्या. आणि हो, गुंडीच्या प्रगतिपुस्तकावरही मीच सही करते, तर याच्यावरही करेन."

आत्याने पहिलं पान उघडलं, वही घेतली, कोपऱ्यात तारीख घातली. अपूर्णांकांची बेरीज. एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश. अर्धा, पाव, पाऊण यांच्यात तिचा जन्म गेला होता, पण तृतीयांशाशी तिचा कधी संबंध आला नव्हता. तिने कपाळाला आठ्या घातल्या. आठ्या बघताच आबा खुर्ची सोडून तिच्या खांद्यामागे आले. दादा दुसऱ्या खांद्यामागे. वहिनीसुद्धा मान लांब करून.

"मी काय म्हणतो बाळ, हे बघ..."

"मागे!" गुंडी ओरडली. गळ्यात आबांची मोजपट्टी, हात कमरेवर. "सगळे मागे! तिच्या हातातली पेन्सिल कुणी घ्यायची नाही! आबा, तुम्ही चहाला जा!"

आबा मुकाट्याने मागे सरले. आत्या एकटी गणितापुढे बसली. पेन्सिल कागदावर टेकली, उचलली, पुन्हा टेकली. बराच वेळ गेला. गुंडीचे ओठ इतके घट्ट मिटलेले की तिचे गाल फुगले होते, आणि तिला तर उत्तर माहीतही नव्हतं.

मग आत्याची नजर गुंडीच्या गळ्यात लोंबणाऱ्या पट्टीवर गेली. तिने हात लांब करून टोक धरलं आणि एक फूट मोजला. बारा इंच. बाराचे तीन भाग केले तर एक भाग चार इंच. चार भाग केले तर एक भाग तीन. बोट चारवर ठेवलं, तिथून तीन पुढे सरकवलं.

"सात," ती म्हणाली. मग उठून उभी राहिली, वर्गात उभी राहिली होती तशीच, ताडकन. "बारातले सात! सात छेद बारा!"

गुंडीने पुस्तकाची शेवटची पानं उलटून उत्तर शोधलं, त्यावर बोट ठेवलं आणि संशयाने मोठ्यांकडे एकेक करून बघितलं.

"आत्या, खरं सांग. कुणी सांगितलं?"

"कुणी नाही गं," आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज हसण्यात फुटला. "कुणीच नाही."